एकवीस वर्षं, दोन महिने, दोन दिवस : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल

पाऊलवाट (९ डिसेंबर, रात्री १०:१२)

माझा भाचा आठवीत आहे. येत्या १६ तारखेला शाळेत विजय दिवसाचा कार्यक्रम आहे आणि भाषणासाठी त्याने स्वतःहून अरुण खेत्रपाल हे नाव निवडलंय. भाषण बसवून घ्यायचं काम मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आठवडाभर वाचतेय. जिथे जावं तिथे तेच : रणगाडा पेटला, तो सोडायचा वायरलेसवर आदेश आला, त्याने नकार दिला, धारातीर्थी पडला, परमवीर चक्र. शेवटची काही मिनिटं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्याआधीचं आयुष्य दोन ओळींत उरकलेलं.

आणि भाच्याने मला भलताच प्रश्न विचारला. "मावशी, तो तर अजून कोर्सच करत होता ना? मग त्याला लढाईवर नेलं कसं?"

म्हणून जमेल तेवढं जोडून इथे लिहितेय. चुकलं तर सांगा, माहिती असेल तर भर घाला. एकेरीत लिहिलंय, कारण तो गेला तेव्हा माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होता.

जन्म आपल्या पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. हे मला माहीतच नव्हतं. वडील लष्करात कोअर ऑफ इंजिनियर्समध्ये, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणं मूळचं सरगोध्याचं. आजोबा पहिल्या महायुद्धात लढलेले, पणजोबा शीख खालसा सैन्यातून चिलियनवालाच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध उभे राहिलेले. म्हणजे हा चौथ्या पिढीचा.

शाळा सनावरची. जून १९६७मध्ये खडकवासल्याला एनडीएत, ३८वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रन, तिथे स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टन. मग डेहराडूनची आयएमए, म्हणजे लष्करी अकादमी. १३ जून १९७१ला १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालं. खांद्यावर एक तारा.

इथून पुढे मी कॅलेंडर घेऊन बसले. १३ जून ते १६ डिसेंबर. सहा महिने आणि तीन दिवस. एवढीच त्याची नोकरी.

पाकिस्तानशी युद्ध येणार हे दिसू लागलं तेव्हा तो आपल्या नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होता. कोर्स मध्येच थांबवून सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटला जायचा हुकूम आला. त्याने आपली जावा मोटरसायकल नगरला आगगाडीत चढवली, दिल्लीला उतरवून घेतली आणि तिच्यावर बसून घरी आला. जम्मूकडे जायला गाडी पकडायची होती, घरी मुक्काम काही तासांचा. सामान भरताना त्याने समारंभाचा निळा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या घेतल्या. धाकट्या भावाने विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, लाहोरला गोल्फ खेळणार, आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा गणवेश लागेलच.

मी हे वाचलं आणि लॅपटॉप मिटवून ठेवला. रणगाड्यावर जाणारा मुलगा गोल्फच्या काठ्या भरतोय. रात्री जेवताना आईने त्याला सांगितलं की आजोबा लढले, वडील लढले, तूही सिंहासारखा लढ, भित्र्यासारखा परत येऊ नकोस.

१६ डिसेंबरला शकरगढच्या मैदानात, बसंतर नदीच्या पलीकडे जरपाल गावाजवळ तो गेला. परमवीर चक्र मिळालेल्यांत सगळ्यात लहान.

भाषण पाच मिनिटांचं आहे. त्यात यातलं काय ठेवू, काय गाळू?

---

खडकवासलाकर (९ डिसेंबर, रात्री १०:५५)

ताई, एक गोष्ट नक्की घ्या. एनडीएच्या ज्या मैदानावर दर सहा महिन्यांनी दीक्षान्त संचलन होतं, त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. म्हणजे एनडीएतून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा त्याच्या नावाच्या मैदानावरून शेवटचं पाऊल टाकून जातो.

आमचं घर उत्तमनगरला. संचलनाच्या आधीचे काही दिवस सरावाच्या बँडचा आवाज वाऱ्यावर येतो. लहानपणी आम्हाला तो आवाज म्हणजे परीक्षा आली किंवा सुट्टी लागली एवढंच कळायचं. मैदानाला कुणाचं नाव आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या शाळेत कुणी कधी सांगितलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. एवढ्या जवळ राहून.

---

तळटीप (१० डिसेंबर, सकाळी ७:३१)

चांगला धागा. भाषण शाळेत होणार आहे, म्हणून दोन दुरुस्त्या आत्ताच सांगतो.

सगळ्यात लहान वयात परमवीर चक्र मिळालं ते योगेंद्रसिंह यादव यांना. १८ ग्रेनेडियर्स, टायगर हिल, जुलै १९९९, वय १९. ते जिवंत परतले. त्याआधी हा मान खेत्रपाल यांचा होता, म्हणून जुन्या लेखांत तसं सापडतं.

दुसरं, "एकट्याने दहा रणगाडे उडवले" असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. शौर्यपत्रात त्या चकमकीत पाकिस्तानचे दहा रणगाडे नष्ट झाले आणि त्यांतले चार खेत्रपाल यांनी स्वतः टिपले, असं आहे. चार हा आकडा मुळीच लहान नाही, त्याला फुगवायची गरज नाही.

आणि हे घ्यायला हवं : १९७१च्या युद्धात चार परमवीर चक्रं दिली गेली. लान्स नायक अल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, अरुण खेत्रपाल आणि मेजर होशियारसिंग. यांतली शेवटची दोन एकाच जागची आहेत, जरपालची. होशियारसिंग ३ ग्रेनेडियर्सचे, पायदळाचे. त्यांनी जरपाल घेतलं, जखमी असताना ते धरून ठेवलं आणि चौघांत तेच एकटे ते पदक आपल्या छातीवर लावून घ्यायला हयात राहिले.

---

पाऊलवाट (१० डिसेंबर, सकाळी ८:०४)

तळटीप, मनापासून आभार. दोन्ही दुरुस्त्या वहीत केल्या. भाच्याला "चौघांपैकी दोघे एकाच गावासाठी लढलेले" हे फार लागलंय, सकाळपासून तेच बोलतोय.

---

शब्दवेल (१० डिसेंबर, दुपारी १:२०)

मनात आहे ते विचारते, कुणी राग मानू नका. वरिष्ठांनी रणगाडा सोड असं सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कदाचित वाचला असता. आठवीच्या मुलांसमोर आपण "आदेश मोडला म्हणून तो मोठा" असं सांगतोय का? माझा मुलगाही त्याच वयाचा आहे, म्हणून विचारतेय.

---

दफेदार (१० डिसेंबर, रात्री ९:४०)

शब्दवेल ताई, राग कशाचा? हा प्रश्न आमच्यातही होतो. मी आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाडा दलात, चोवीस वर्षं काढली, दफेदार म्हणून बाहेर पडलो. मी टी-७२ रणगाड्यावर होतो; खेत्रपाल साहेबांचा रणगाडा सेंच्युरियन, तो मी चालवलेला नाही. पण नगरला आम्हाला शिकवायला जे उस्ताद होते, त्यांच्यातले काही सेंच्युरियनवर वाढलेले. बसंतरची लढाई आम्ही त्यांच्याकडून वाळूच्या टेबलावर, म्हणजे वाळूत मांडलेल्या नकाशावर, शिकलो. जरा सविस्तर लिहितो.

१५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फंट्री ब्रिगेडने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले. पायदळ पलीकडे, रणगाडे अलीकडे. मध्ये नदीचं पात्र आणि पाकिस्तानने पेरलेले सुरुंग, तेही शंभर-दोनशे मीटर नव्हे, चांगला दीड किलोमीटरच्या आसपास खोल पट्टा. इंजिनियरांची माणसं त्यातून वाट काढत होती. काम अर्ध्यावर असताना पलीकडच्या पायदळाला शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसू लागली. पायदळाला रणगाड्यांशिवाय सकाळ काढायची म्हणजे काय, ते पायदळवाल्यालाच विचारा. तेव्हा पूना हॉर्सने ठरवलं, पूर्ण वाट होईपर्यंत थांबायचं नाही. सुरुंग काढून न झालेल्या पट्ट्यातून त्यांनी रणगाडे घातले आणि पार केले.

१६ला सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून शत्रूचे रणगाडे जरपालवर आले. पॅटन रणगाडे, १३ लान्सर्स रेजिमेंट. पूना हॉर्सच्या बी स्क्वॉड्रनवर सगळा भार आला, कमांडरने मदत मागितली. जवळच ए स्क्वॉड्रनचे तीन रणगाडे होते : कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि खेत्रपाल साहेब. ते निघाले. वाटेत शत्रूच्या पक्क्या ठाण्यांवरून आणि रणगाडे फोडणाऱ्या रिकॉइललेस तोफांवरून मारा झाला. खेत्रपाल साहेबांनी ठाण्यांवर रणगाडा घातला, पिस्तूल रोखून तोफांवरची माणसं कैद केली. मग पुढे जाऊन पॅटनना गाठलं.

ताई, आता तुमचा प्रश्न. त्या धुमश्चक्रीत अहलावत साहेबांचा रणगाडा निकामी झाला, ते जखमी झाले. मल्होत्रा साहेबांच्या तोफेत बिघाड झाला, गोळा सुटेना. तिघांतली एकच तोफ चालू राहिली, आणि ती ज्या रणगाड्यावर होती तो पेटलेला होता. समोरून पॅटन येतच होते. मागे आपलं पायदळ. आणि रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर कर्नल हणूतसिंग साहेबांनी सगळ्यांना वायरलेसवर सांगून ठेवलं होतं की जो जिथे आहे तिथूनच लढेल, एक रणगाडाही मागे सरणार नाही.

खेत्रपाल साहेबांनी काय उत्तर दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण लोक त्यातला जोश तेवढा ऐकतात. नीट ऐका : "नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही. माझी तोफ अजून चालू आहे." दुसरं वाक्य कारण आहे. रणगाडा सोडायचा तो तोफ बंद पडली की. तोफ चालू, इंजिन आगीत, तर रणगाडा जागेवर उभा असलेला तोफखाना असतो. तो उतरला असता तर त्या फटीतून पॅटन आत शिरले असते आणि पायदळ कापलं गेलं असतं. वायरलेसवरच्या वरिष्ठांना त्याच्या जिवाची काळजी होती, म्हणून तो आदेश दिला. त्याला त्या क्षणी समोरचं दिसत होतं. सहा महिने नोकरी झालेल्या पोराने हा हिशोब आग लागलेली असताना बरोबर केला. उस्ताद आम्हाला हेच सांगायचे, "जोश तो सबके पास था, उसका दिमाग ठंडा था."

शेवटचा पॅटन त्याने टिपला तेव्हा अंतर शंभर मीटरच्या आत-बाहेर होतं. त्यानंतर त्याच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला. पण फट बुजलेली राहिली. जरपाल गेलं नाही.

मुलांना सांगताना आदेश मोडला यावर भर देऊ नका. तोफ चालू होती, यावर द्या.

---

शब्दवेल (१० डिसेंबर, रात्री १०:१५)

दफेदार साहेब, दोनदा वाचलं. मुलालाही वाचून दाखवलं. इतकी वर्षं हे वाक्य मी निव्वळ त्वेष म्हणूनच ऐकत आले होते. आभारी आहे.

---

नगरी माणूस (११ डिसेंबर, सकाळी ११:०२)

नगरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या रणगाड्याचं नाव "फामागुस्ता". युद्धानंतर तो दुरुस्त केला आणि आमच्याकडे आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. म्हणजे ज्या गावी तो कोर्स अर्धा टाकून गेला, त्याच गावी त्याचा रणगाडा परत आला.

तो लष्करी आवारात आहे, उठसूट जाता येत नाही. पण फराहबागेजवळचं टँक म्युझियम सगळ्यांना खुलं आहे. भाच्याला एकदा घेऊन या. भुईकोट किल्ल्यापासून लांब नाही. तिथे बाहेर रांगेने रणगाडे उभे आहेत. मी मुलीला घेऊन गेलो होतो, मे महिना, दुपारी बारा. एका रणगाड्याच्या पत्र्याला तिने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणाली, "बाबा, नुसत्या उन्हात एवढा तापतो?" मला काही बोलताच येईना. पेटलेल्या रणगाड्यात बसून राहणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

---

दफेदार (११ डिसेंबर, रात्री ८:५०)

नगरी माणूस, बरोबर लिहिलंत. त्यात सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलचं. पन्नास टनांच्या वर वजनाचा रणगाडा, पोटात दारूगोळा, मागे पेट्रोल. आग म्हटलं की क्रू उतरतो, तसं शिकवलेलंच असतं.

आणि पाऊलवाट ताई, एक विनंती. रणगाड्यात एकटा माणूस कधीच नसतो. सेंच्युरियनमध्ये चौघे : कमांडर, गनर, ड्रायव्हर आणि वायरलेस ऑपरेटर. गोळा भरायचं काम ऑपरेटरचं. फामागुस्तामध्ये ड्रायव्हर सवार प्रयागसिंग, गनर सवार नत्थूसिंग आणि ऑपरेटर सवार नंदसिंग. नंदसिंग त्या दिवशी त्याच रणगाड्यात गेला. "खेत्रपालने चार रणगाडे उडवले" म्हणताना नेम धरणारा नत्थूसिंग होता आणि रणगाडा तिथवर नेणारा प्रयागसिंग. खेत्रपाल साहेबांचं मोठेपण यात आहे की हे तिघे त्याच्याबरोबर थांबले. नव्या साहेबासाठी कुणी आगीत थांबत नाही. त्याने सहा महिन्यांत तो विश्वास कमावला होता.

ही तीन नावं भाषणात घेता आली तर घ्या.

---

पाऊलवाट (११ डिसेंबर, रात्री ९:१०)

घेणार. शब्द दिला.

---

इतिहासवेडा (१२ डिसेंबर, दुपारी ३:३३)

रेजिमेंटबद्दल थोडं. "पूना हॉर्स" म्हटल्यावर आपल्याला वाटतं मराठी जवानांची असेल, तसं नाही. नाव आलं ते १८१७च्या पुणे करारामुळे. इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून खर्च वसूल करून जे घोडदळ उभं केलं, ती ही रेजिमेंट. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिलं.

या रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं आहेत. पहिलं लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं, १९६५चं, सियालकोट आघाडीवरच्या फिल्लोराच्या लढाईतलं. तारापोर यांचा जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची, सरदार दस्तूर. ते कमांडिंग ऑफिसर, वय बेचाळीस. खेत्रपाल मोजक्या रणगाड्यांच्या तुकडीचा प्रमुख, वय एकवीस, बरोबर अर्धं. तारापोर गेले १६ सप्टेंबरला, खेत्रपाल १६ डिसेंबरला. पाकिस्तानी सैन्याने या रेजिमेंटला "फख्र-ए-हिंद" म्हटलं. शत्रूकडून असं नाव मिळणं दुर्मीळ आहे.

---

अबोली (१२ डिसेंबर, संध्याकाळी ६:४८)

पदकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने स्विस, लग्न विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी, आणि मग त्या इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. पदक साधं कांस्याचं, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, फीत जांभळी. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी ज्यासाठी आपल्या अस्थी दिल्या ते. आणि पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर.

अरुणचं पदक त्याच्या आईने घेतलं.

---

आपशिंगेकर (१२ डिसेंबर, रात्री ११:२६)

मी फारशी लिहीत नाही, वाचते. आमचं गाव साताऱ्याचं आपशिंगे. लोक आपशिंगे मिलिटरी म्हणतात. आमच्याकडे घरटी एक तरी फौजेत असतो. सासरे होते, मालक होते, आता मुलगा आहे. सीमेवर कुठे ते लिहीत नाही.

ताईंनी आईचं वाक्य लिहिलंय, भित्र्यासारखा परत येऊ नकोस. भाषणात हे वाक्य लोक मोठ्या आवाजात म्हणतात आणि टाळ्या पडतात. मला एवढंच सांगायचंय की ते जेवताना म्हटलेलं वाक्य आहे. ताटावर. पोराला वाढता वाढता. मुलगा निघतो तेव्हा आपण काहीतरी कडक बोलतो, कारण मऊ बोलायला गेलं की आवाज फुटतो. मी माझ्या पोराला दर वेळी म्हणते, "आवर, गाडी चुकंल." दुसरं काही येतच नाही तोंडात. पिशवीत लसणाची चटणी कोंबायची आणि म्हणायचं, आवर.

त्यांच्या घरी युद्ध संपल्याची बातमी आली, तेव्हा त्याची खोली साफसूफ करून ठेवली होती आणि मोटरसायकल दुरुस्त करून आणली होती, असं मी वाचलंय. तो येणार म्हणून. १६ला ढाक्यात शरणागती झाली, १७ला पश्चिमेलाही लढाई थांबली. सगळा देश रस्त्यावर नाचत होता. त्याच १७ला त्याला सांब्याजवळ अग्नी दिला होता आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. मग तार आली.

आमच्या गावात तार हा शब्द म्हाताऱ्या बायका अजून हळू बोलतात. त्यांच्या वेळी पोस्टमन सायकलवरून वस्तीत शिरला की बाया चुलीपाशीच थांबायच्या, आपल्या दारावरून तो पुढे गेला की मगच उठायच्या. पुढे गेला म्हणून बरं वाटायचं आणि बरं वाटलं याची लाज वाटायची. सासूबाई सांगायच्या.

लेकराच्या भाषणात मोटरसायकल नक्की घ्या.

---

पाऊलवाट (१३ डिसेंबर, सकाळी ६:५५)

काकू, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आईचं ते वाक्य भाषणात टाळीसाठी येणार नाही. भाच्याला सांगितलंय, ते वाक्य अगदी साध्या आवाजात म्हणायचं, जेवायला बसल्यासारखं. तुमच्या मुलाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार कळवा.

---

अबोली (१३ डिसेंबर, दुपारी १२:१०)

काकूंनंतर लिहायचं धाडस होत नाही, तरी वडिलांबद्दल राहून जायला नको.

२००१ साली ब्रिगेडियर खेत्रपाल ८१ वर्षांचे असताना आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचं आदरातिथ्य ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी केलं. घरात ठेवून घेतलं, सगळं कुटुंब सेवेला हजर. वडिलांना कळेना एवढं अगत्य कशासाठी. निघायच्या आदल्या रात्री नासर यांनी त्यांना बागेत बाजूला घेऊन सांगितलं की १९७१ला ते १३ लान्सर्समध्ये मेजर होते आणि अरुणचा अंत त्यांच्या हातून झाला. दोघेही त्या दिवशी आपापल्या देशासाठी लढत होते. अरुण खडकासारखा उभा राहिला, असं ते म्हणाले.

८१ वर्षांचा बाप, परक्या देशात, ज्याच्या घरचं अन्न तीन दिवस खाल्लं त्याच्या तोंडून हे ऐकतो. वडील सैनिक होते, त्यांनी ते समजून घेतलं. मी सैनिकाच्या घरातली नाही आणि मला ते आजही पूर्ण पेलत नाही. पण एक मात्र मला पटतं. नासर यांना गप्प राहता आलं असतं. तीस वर्षं ते ओझं बाळगून म्हाताऱ्या बापासमोर उभं राहायला धैर्य लागतं.

---

इतिहासवेडा (१३ डिसेंबर, दुपारी १:०५)

अबोली, त्या धुराळ्यात नेमका कुणाचा गोळा कुणाला लागला हे कुणी खात्रीने सांगू शकेल असं मला वाटत नाही.

---

दफेदार (१३ डिसेंबर, रात्री ९:००)

इतिहासवेडा, शंभर मीटरवर असताना कळतं. त्या अंतरावर समोरच्या कमांडरचं डोकंही दिसतं. आणि नाही कळलं तरी त्याने ते आपलं मानलं. माझ्यासाठी तेवढं पुरे.

---

खडकवासलाकर (१४ डिसेंबर, सकाळी ९:१८)

अंदमानातल्या २१ निनावी बेटांना २०२३च्या २३ जानेवारीला परमवीरांची नावं दिली. त्यातलं एक अरुण खेत्रपाल बेट. भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल, भाच्याला सांगा.

---

पाऊलवाट (१६ डिसेंबर, संध्याकाळी ७:२२)

आज भाषण झालं. तुम्हा सगळ्यांना कधी एकदा सांगते असं झालं होतं.

सुरुवात त्याने जन्मतारखेने केली नाही. "नगर स्टेशनवर एका मुलाने आपली मोटरसायकल आगगाडीत चढवली" असं म्हणाला आणि थांबला. मागच्या रांगेतली मोठी मुलं गप्प झाली. गोल्फच्या काठ्या आल्या, सुरुंगांचा पट्टा आला, तोफ चालू होती हे आलं. आईचं वाक्य त्याने खाली बघत म्हटलं, माझ्याकडे बघवलं नाही म्हणे. प्रयागसिंग, नत्थूसिंग, नंदसिंग ही नावं पाठ असूनही कागदावरून वाचली. चुकायला नको म्हणून. खोली झाडून ठेवली होती, गाडी दुरुस्त केली होती, तिथे संपवलं. पाच मिनिटांची नऊ झाली, बाईंनी घंटा वाजवली नाही.

घरी येताना रिक्षात त्याने एक विचारलं, मला उत्तर येईना. दफेदार साहेब, तुम्हालाच विचारते. "रणगाड्यात ते चौघं एकमेकांना दिसतात का?"

---

दफेदार (१६ डिसेंबर, रात्री ९:३५)

शाब्बास म्हणून सांगा त्याला. कानशीलावर एक टपली माझ्याकडून, प्रेमाची.

कमांडर, गनर आणि ऑपरेटर वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, असतात. अगदी चिकटून, गनरच्या पाठीला कमांडरचे गुडघे लागतात. ड्रायव्हर मात्र पुढे, खाली, एकटा. त्याला मागचं काही दिसत नाही. कानावर हेडसेट असतो, त्यात कमांडरचा आवाज येतो. डावीकडे, उजवीकडे, थांब, चल. प्रयागसिंगला शेवटपर्यंत तेवढंच कळत होतं. साहेबांचा आवाज येतोय, म्हणजे आपण लढतोय.